वीज गेली की सगळं विसरतं: जुन्या सन स्पार्कस्टेशनवर इन्स्टॉल पुन्हा पुन्हा फसण्याचं खरं कारण

सीडीवरून इन्स्टॉल व्यवस्थित झालं, मशीन डिस्कवरून एकदा सुरूही झालं. रात्री बंद केलं. सकाळी चालू केलं तर डिस्ककडे ढुंकूनही न बघता ते नेटवर्ककडे धावतं आणि पडद्यावर एकच ओळ उमटत राहते: ‘टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट’. पुन्हा सीडी, पुन्हा इन्स्टॉल, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन ५, १०, २०, क्लासिक, एलएक्स किंवा त्या पिढीतलं दुसरं कुठलंही मशीन तुमच्याकडे असेल आणि लक्षणं अशी असतील, तर डिस्क बदलू नका, नवी सीडी बर्न करू नका, ऑपरेटिंग सिस्टिमलाही दोष देऊ नका. मी हे तिन्ही केलं. तीन संध्याकाळी आणि चार सीडी त्यात गेल्या. उत्तर पहिल्या मिनिटापासून पडद्यावर लिहिलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं एवढंच.

एक सूचना आधीच देतो. खालच्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘एमकेपी’ म्हणजे एम, के, पी ही तीन अक्षरं, बस.

आधी बॅनर वाचा

मशीन सुरू होताना कीबोर्डवर स्टॉप आणि ए ही बटणं एकत्र दाबा. ‘ओके’ असं लिहिलेला प्रॉम्प्ट येईल. कीबोर्ड नसेल तरी अडत नाही. कीबोर्ड जोडलेला नसला की ही मशीनं आपोआप पहिल्या सिरियल पोर्टवर बोलायला लागतात. ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट एवढं ठेवून दुसऱ्या संगणकावरून नल मोडेम केबल लावा आणि टर्मिनल प्रोग्रॅममधून ब्रेक पाठवा. तो विचित्र १३ पिनी मॉनिटर शोधत बसण्यापेक्षा मला हाच रस्ता बरा वाटतो. शिवाय पडद्यावर आलेलं सगळं साठवून ठेवता येतं. चालू मशीनचा कीबोर्ड मात्र उपटू नका. त्यालाही मशीन ब्रेक समजतं आणि होतं ते काम थांबवून ‘ओके’वर येऊन बसतं. चुकून झालंच तर ‘गो’ टाइप करा, काम पुढे सुरू होतं.

‘ओके’वर ‘बॅनर’ टाइप करा. पहिल्या ओळीत मशीनचं नाव, दुसरीत रॉमची आवृत्ती, मेमरी आणि सिरियल नंबर, तिसरीत इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची मशीनची ओळख) आणि होस्ट आयडी (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक). धडधाकट मशीनचा इथरनेट पत्ता ०८:००:२० ने सुरू होतो, कारण हे तीन बाइट सनच्या नावावर नोंदलेले आहेत. माझ्या मशीनवर काय होतं? एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ. होस्ट आयडी आठ एफ. आणि सिरियल नंबर १६७७७२१५.

हा शेवटचा आकडा मी तीन दिवस खरा सिरियल नंबर समजत होतो. तो निव्वळ २४ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे, म्हणजे षोडशमानातले (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) सहा एफ दशमान पद्धतीत लिहिलेले. मशीन स्वतःचं नावगाव विसरलंय आणि रिकाम्या जागी जे दिसतंय ते वाचून दाखवतंय. सगळीकडे एफच असतील असंही नाही. कधी शून्यं दिसतील, कधी अर्थहीन खिचडी. शिवाय बॅनरच्या आसपास ‘आयडीप्रॉम कन्टेन्ट्स आर इन्व्हॅलिड’ किंवा ‘इनकरेक्ट कॉन्फिगरेशन चेकसम’ अशी ओळ दिसली, तर निदान पक्कं.

नेमकं काय मेलंय

मदरबोर्डवर सॉकेटमध्ये बसवलेली एक जाडजूड काळी चिप असते, शेजारच्या चिपांपेक्षा दुप्पट उंच. स्पार्कस्टेशन ५, १० आणि २० मध्ये ती एम४८टी०८ असते: २८ पिना, ८ किलोबाइट मेमरी. त्याआधीच्या स्पार्कस्टेशन १, २, आयपीएक्स वगैरेंमध्ये २ किलोबाइटची धाकटी बहीण, ४८टी०२. अल्ट्रा ५ आणि १० मध्ये एम४८टी५९. उंची जास्त कारण वरच्या टोपीत लिथियमचा सेल आणि घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक इपॉक्सीत ओतून बंद केलेला आहे. सेल साधारण दहा वर्षं टिकावा अशी अपेक्षा. स्पार्कस्टेशन ५ बाजारात आलं १९९४ साली. हिशोब तुम्हीच करा.

या एका चिपमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी राहतात: मशीनची ओळख, बूटच्या सेटिंग्ज आणि घड्याळ. सेल मेला की तिन्ही एकदम जातात. पण प्रत्येकीचा परिणाम भलतीकडेच दिसतो, म्हणून माणूस चकतो.

सेटिंग्ज गेल्या की प्रॉम (मशीन सुरू करणारा, रॉममधला प्रोग्रॅम) मूळ सेटिंग्ज भरतो आणि शहाणपणाने ‘डायग-स्विच?’ चालू करून ठेवतो. (शेवटचं प्रश्नचिन्ह नावाचाच भाग आहे, टाइप करताना सोडू नका.) हा स्विच चालू असला की मशीन ‘बूट-डिव्हाइस’ऐवजी ‘डायग-डिव्हाइस’वरून सुरू होतं, आणि तिथे मुळात ‘नेट’ लिहिलेलं असतं. म्हणून ते डिस्क सोडून नेटवर्ककडे धावतं. डिस्कवरचं इन्स्टॉल सुखरूप असतं. मी चार वेळा जे पुसून पुन्हा केलं, त्याला काहीच झालेलं नव्हतं.

ओळख गेली की नेटवर्कवरून इन्स्टॉल करायचा विचारही सोडावा लागतो. मशीन आरएआरपीने विचारतं, ‘माझा इथरनेट पत्ता अमुक, माझा आयपी कोणता?’ अमुकच्या जागी सगळे एफ म्हणजे ब्रॉडकास्टचा पत्ता. पाठवणाऱ्याचा पत्ता तसा असूच शकत नाही, त्यामुळे बरेच स्विच असं पॅकेट तिथेच टाकून देतात. पोहोचलं तरी सर्व्हर कोणाला उत्तर देणार?

घड्याळ गेल्याचा फटका सगळ्यात उशिरा बसतो. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना ‘प्रीपोस्टरस टीओडी क्लॉक टाइम’ अशी तक्रार करते आणि फाइल सिस्टिमवर शेवटची जी वेळ नोंदलेली असेल ती धरून पुढे जाते. ही ओळ हसून सोडून दिलीत तर तासाभराने पॅकेजेस उतरवताना सर्टिफिकेट अमान्य असल्याच्या चुका येतात, आणि तुम्ही नेटवर्कमध्ये दोष शोधत बसता.

आजच्या आज इन्स्टॉल करायचं असेल तर

चिपला बाहेरून वीज मिळत असेपर्यंत तिची मेमरी ठणठणीत असते. ती विसरते ती वीज गेल्यावर. म्हणून हाताने सगळं भरा आणि इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका. ‘रीसेट’ चालतं, स्विच नको.

आधी सेटिंग्ज. ‘सेट-डिफॉल्ट्स’, मग ‘सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स’. नेटवर्ककडे पळणं एवढ्यानेच थांबतं.

मग ओळख. इथे थोडं थांबून समजून घ्या, नुसतं उतरवून काढलंत तर एक आकडा चुकल्यावर काहीच कळणार नाही. हा ‘ओके’ प्रॉम्प्ट म्हणजे ओपनबूट, आणि त्याच्या आत फोर्थ भाषा आहे. मिच ब्रॅडली यांनी सनमध्ये हे रचलं आणि १९९४ मध्ये त्याचं आयईईई १२७५ हे मानक झालं. फोर्थमध्ये आधी वस्तू येतात, मग क्रिया. इंग्रजीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, पण आपलं क्रियापदही शेवटीच येतं. ‘१ ० एमकेपी’ हे मराठीसारखंच वाचा: १ हा आकडा शून्याव्या घरात ठेव. ‘८ २ एमकेपी’: ८ हा दुसऱ्या घरात ठेव. एकदा हे डोक्यात बसलं की पाठ करायला काही उरत नाही.

ओळखीची घरं एकूण १६, शून्यापासून एफपर्यंत. इथले सगळे आकडे षोडशमान आहेत, म्हणून २० म्हणजे वीस नाही, बत्तीस. शून्याव्या घरात रचनेचा क्रमांक, तो कायम १. पहिल्यात मशीनचा प्रकार. दोन ते सातमध्ये इथरनेट पत्ता. आठ ते बीमध्ये निर्मितीची तारीख, तिथे शून्य भरलं तरी चालतं. सी, डी, ई मध्ये होस्ट आयडीचे शेवटचे तीन बाइट. एफमध्ये चेकसम, म्हणजे बाकीची घरं बरोबर भरली आहेत का हे पडताळणारा आकडा.

समजा पत्त्याचे शेवटचे तीन बाइट १२, ३४, ५६ आहेत. तर ओळीने हे टाइप करा, प्रत्येक ओळीनंतर एंटर:

१ ० एमकेपी
रिअल-मशीन-टाइप १ एमकेपी
८ २ एमकेपी
० ३ एमकेपी
२० ४ एमकेपी
१२ ५ एमकेपी
३४ ६ एमकेपी
५६ ७ एमकेपी
० ८ एमकेपी
० ९ एमकेपी
० ए एमकेपी
० बी एमकेपी
१२ सी एमकेपी
३४ डी एमकेपी
५६ ई एमकेपी
० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सऑर लूप एफ एमकेपी

शेवटची ओळ भीतीदायक दिसते, पण ती फक्त पहिल्या पंधरा घरांचा एक्सऑर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १) काढून सोळाव्यात ठेवते. स्पार्कस्टेशन ५ वर तो हाताने पडताळता येतो आणि त्यात एक गंमत आहे. होस्ट आयडीचे शेवटचे तीन बाइट आणि पत्त्याचे शेवटचे तीन बाइट आपण सारखेच ठेवले, त्यामुळे एक्सऑरमध्ये ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात १, मशीन प्रकार ८०, मग ८ आणि २०. त्यांचा एक्सऑर ए९. म्हणजे शेवटचे बाइट तुम्ही कुठलेही निवडा, मशीन प्रकार ८० असेल तर चेकसम ए९ च येणार. ‘एफ आयडीप्रॉम@ .’ टाइप करून बघा (शेवटी जागा सोडून एक टिंब). दुसरं काही आलं तर वर कुठेतरी बोट घसरलंय.

स्पार्कस्टेशन १० आणि २० चा प्रकार ७२ आहे, तिथे चेकसम ५बी येईल. अर्थात ‘रिअल-मशीन-टाइप’ हा शब्द योग्य प्रकार स्वतःच देतो, आकडा पाठ करायची गरज नाही.

मूळ पत्ता कुठून आणायचा? बहुतेक वेळा चिपच्या डोक्यावर बारकोडचं स्टिकर असतं, त्यावर शेवटचे सहा अंक असतात. चिप बदलणार असाल तर ते स्टिकर जपून काढा किंवा निदान फोटो काढून ठेवा. स्टिकर गेलंच असेल तर मनाने सहा अंक घ्या, फक्त तुमच्या नेटवर्कवर तोच पत्ता दुसऱ्या कोणाचा नसावा. जुनी मंडळी इथे सी०, एफएफ, ईई भरतात, कारण ते इंग्रजीत ‘कॉफी’सारखं दिसतं. अशी दोन मशीनं एकाच स्विचला लावलीत की दोन्ही आलटून पालटून गायब व्हायला लागतात. हाही शोध मी स्वखर्चाने लावला आहे.

आता ‘रीसेट’ आणि पुन्हा ‘बॅनर’. तिसरी ओळ माणसात आली असेल. होस्ट आयडी ८०१२३४५६, सिरियल नंबर ११९३०४६.

तरीही सीडी वाचत नसेल तर

हा वेगळा आजार आहे, पण बहुतेकदा याच संध्याकाळी भेटतो म्हणून लिहितो. ‘बूट सीडीरॉम’ म्हटल्यावर ‘कान्ट रीड डिस्क लेबल’ किंवा ‘द फाइल जस्ट लोडेड डज नॉट अपिअर टु बी एक्झिक्युटेबल’ आलं, तर सीडीपेक्षा ड्राइव्हवर जास्त संशय घ्या. ही मशीनं स्कझी (डिस्क आणि ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) सीडी ड्राइव्हला डिस्कच समजतात आणि ५१२ बाइटांचे तुकडे मागतात. साध्या पीसीच्या स्कझी ड्राइव्हला २०४८ चीच सवय. काही ड्राइव्हवर मागे ५१२ चा जंपर असतो, काहींना प्रॉमने सांगितलं की ते बदलतात, आणि काही जन्मात ऐकत नाहीत. ड्राइव्हचा स्कझी क्रमांक ६ ठेवा, ‘सीडीरॉम’ हे टोपणनाव तिथेच बोट दाखवतं. डिस्कचा क्रमांक ३. ‘प्रोब-स्कझी’ने दोघं दिसतात का बघा, पण अर्धवट बूट झालेलं मशीन स्टॉप-ए ने थांबवून लगेच ही आज्ञा दिली तर ते गोठतं. आधी ‘सेटएन्व्ह ऑटो-बूट? फॉल्स’, मग ‘रीसेट’, मग ‘प्रोब-स्कझी’.

ड्राइव्ह ऐकतच नसेल तर नेटवर्कवरून करा, ओळख भरल्यावर ते आता शक्य आहे. दुसऱ्या संगणकावर आरएआरपी आणि टीएफटीपीचे (हा बूटची फाइल पाठवतो) सर्व्हर लागतील, पुढच्या टप्प्यासाठी बूटपॅरम्स आणि एनएफएस. लोक अडकतात ते फाइलच्या नावापाशी. मशीन स्वतःचा आयपी षोडशमानात, मोठ्या अक्षरांत लिहून त्या नावाची फाइल मागतं. आयपी १९२.१६८.१.२० असेल तर नाव सी०ए८०११४, आणि स्पार्कस्टेशन ५ च्या घराण्यात त्यापुढे टिंब देऊन सन४एम, तेही मोठ्या अक्षरांत. शंका असेल तर टीएफटीपीचा लॉग उघडा ठेवा. मशीन काय मागतंय ते तिथे अक्षरशः लिहून येतं.

कुठली सिस्टिम टाकावी? ३२ बिटी स्पार्कवर सोलारिस ९ पर्यंतच जाता येतं, १० ला ६४ बिटी प्रोसेसर लागतो. ओपनबीएसडीने ३२ बिटी स्पार्क ५.९ नंतर सोडलं, डेबियनने त्याच्याही आधी. नेटबीएसडीच्या आवृत्त्या मात्र अजून निघतात, २०२४ मधली १० क्रमांकाचीसुद्धा. जुन्या काळाचा अनुभव हवा असेल तर सोलारिस, रोज चालवायचं असेल तर नेटबीएसडी, असं माझं मत.

एक खाच डिस्क विभागताना लक्षात ठेवा. या काळातले कित्येक प्रॉम डिस्क वाचताना स्कझीची जुनी सहा बाइटी आज्ञा वापरतात. तिच्यात सेक्टरचा क्रमांक २१ बिटांचा, म्हणजे ५१२ बाइटांच्या हिशोबाने बरोबर १ गिगाबाइटपर्यंतच हात पोहोचतो. डिस्क ३६ गिगाबाइटची आणि रूट विभाग सबंध डिस्कभर असेल तर आज कर्नल (सिस्टिमचा गाभा) डिस्कच्या सुरुवातीच्या भागात पडतो आणि सगळं चालतं. सहा महिन्यांनी कर्नल बदललात की नवी फाइल पलीकडे जाऊन बसते आणि मशीन उठत नाही. रूट १ गिगाबाइटच्या आत आणि डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवा.

कायमचा उपाय

चिप बदलणं सगळ्यात सरळ. पण ‘नवी, न वापरलेली’ म्हणून मिळणाऱ्या चिपवरचा चार अंकी तारखेचा संकेत बघा. ९६२२ म्हणजे १९९६ चा बाविसावा आठवडा. पाकीटबंद असली तरी आतला सेल इतक्या वर्षांत आपल्या वाटेने गेलेला असतो. त्याच मापाची, बदलता येणाऱ्या नाणे-सेलची छोटी बोर्डंही मिळतात. आज नव्याने करायचं असतं तर मी तेच घेतलं असतं.

मी केलं ते दुसरं: जुन्या चिपची टोपी कानस मारून उघडली, आतल्या सेलचा जोड तोडला आणि सीआर२०३२ चं घर बाहेरून सोल्डर केलं. दोन गोष्टी जपा. जुना सेल पूर्ण तोडा, नाहीतर मेलेला सेल नव्याला पीत बसतो. आणि स्फटिक त्याच टोपीत शेजारी आहे, उत्साहाने खोल गेलात तर घड्याळ कायमचं गेलं. धन-ऋण अंदाजाने धरू नका. मरणपंथाला लागलेल्या सेलवरही थोडा व्होल्टेज शिल्लक असतो, मल्टीमीटरने तो मोजून बाजू ठरवा. इपॉक्सीची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. चिप सॉकेटमधून काढताना दोन्ही टोकांकडून आळीपाळीने उचला. एकीकडूनच स्क्रूड्रायव्हर घालून उपसलीत तर पिना वाकतात आणि जुन्या वाकलेल्या पिना सरळ करताना तुटतात. बसवताना खाच आधी होती त्याच बाजूला.

नवी चिप कोरी असते, म्हणून ओळख भरण्याचं वरचं सगळं एकदा पुन्हा करायचं. मग परीक्षा. पाच मिनिटं बंद करून चालू करणं ही परीक्षा नव्हे, कमजोर सेलही तेवढा वेळ तग धरतो. वायर भिंतीतून काढून रात्रभर ठेवा. सकाळी डिस्कवरून सरळ उठलं आणि बॅनरची तिसरी ओळ तशीच असली, तर झालं.

ओळख टिकली पण तारीख अडकून राहिली, असंही होतं. ‘ओके’वर ‘वॉच-क्लॉक’ चालवा आणि सेकंद पुढे सरकतात का बघा. या चिपा कारखान्यातून सेल वाचवण्यासाठी घड्याळ थांबवून पाठवलेल्या असतात. सिस्टिममध्ये जाऊन ‘डेट’ने तारीख एकदा लिहिली की साधारणपणे ते चालू होतं. चिपमधलं वर्ष कच्चं वाचून बघितलंत आणि ते भलतंच दिसलं तर पुन्हा कानस काढू नका. सनची मशीनं वर्ष १९६८ पासून मोजतात.